शेजाऱ्यांनी मिळून सोलर घेतलं तर नेमकं काय स्वस्त होतं?

छतावर सोलर बसवायचं मनात आलं की पहिले काही दिवस बहुतेकांचे सारखेच जातात. तीन ठिकाणी फोन होतात, तीन माणसं येऊन छत पाहून जातात आणि तीन कोटेशनं हातात पडतात. ती टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली की डोकं चालेनासं होतं. एकात पाच किलोवॅट लिहिलंय, दुसऱ्यात साडेचार, तिसऱ्यात नुसतंच ‘बारा पॅनेल’. एकाने इन्व्हर्टरचं, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचं, मॉडेल लिहिलंय, दुसऱ्याने ‘नामांकित कंपनीचा’ म्हणून वेळ मारून नेली आहे. एकाने मीटरचं काम रकमेत धरलंय, दुसऱ्याच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत ‘ते वेगळं’ असं आहे. आणि तिघांच्याही शेवटच्या ओळीत तीच घाई: ही किंमत फक्त सात दिवसांसाठी. मग सगळे कागद ड्रॉवरमध्ये जातात आणि वर्ष निघून जातं.

अशात कुणीतरी म्हणतं, ‘आपण दहा-वीस घरं मिळून घेऊ या का? घाऊक भाव मिळेल.’ कल्पना चांगली आहे, पण ‘घाऊक भाव’ हा शब्द थोडा फसवा आहे. एका घराऐवजी वीस घरांची पॅनेल मागवली म्हणून कारखान्याचा भाव काही कोसळत नाही. तरीही गटाने घेतलेलं सोलर स्वस्त पडतं, आणि त्याची कारणं छतावर दिसणाऱ्या वस्तूंपेक्षा न दिसणाऱ्या खर्चांत दडलेली असतात.

आधी किलोवॅट आणि युनिट

एवढे दोन शब्द पक्के केले की पुढचं सोपं आहे. किलोवॅट म्हणजे यंत्रणेची ताकद आणि युनिट म्हणजे तिने प्रत्यक्ष केलेलं काम. नळाच्या तोटीचा आकार म्हणजे किलोवॅट, बादलीत जमा झालेलं पाणी म्हणजे युनिट. एक किलोवॅट ताकदीने एक तास वीज तयार झाली की एक युनिट होतं. वीजबिलावर छापलेली युनिटं तीच.

आजचं घरगुती पॅनेल साधारण ४०० वॅटच्या पुढे असतं, म्हणजे पाच किलोवॅटसाठी बारा-तेरा पॅनेल लागतात. पण पाच किलोवॅटची यंत्रणा क्वचितच पूर्ण पाच किलोवॅट देते. कारखान्यात ताकद मोजतात ती पॅनेलमधल्या सेलचं तापमान २५ अंश धरून. भर उन्हात पॅनेल त्याहून बरंच तापतं, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के ताकद कमी होते. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, असं सरळ गणित नाही. हे आधी माहीत नसलेला माणूस पहिल्याच दुपारी सोलरवाल्याला फोन लावतो.

गटाने घ्यायचं म्हणजे काय

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे सामायिक प्रकल्प: मोकळ्या जागेवर किंवा मोठ्या छतावर एकच यंत्रणा उभारायची आणि तिच्या विजेचे वाटे अनेकांनी घ्यायचे. ज्यांना स्वतःचं छत नाही त्यांच्यासाठी तो मार्ग. या लेखाचा विषय तो नाही.

आपला विषय गटखरेदीचा. यात प्रत्येकाचं छत वेगळं, यंत्रणा वेगळी, मीटर वेगळं, करार वेगळा आणि पैसेही प्रत्येकाचे वेगळे. सामायिक असते ती फक्त खरेदीची प्रक्रिया. सगळे मिळून माहिती काढतात, इन्स्टॉलरकडून प्रस्ताव मागवतात, एक निवडतात आणि सगळ्यांसाठी एकच दरपत्रक ठरवून घेतात. इन्स्टॉलर म्हणजे आराखड्यापासून मीटरपर्यंत सगळं काम करून देणारी कंपनी. ठरलेल्या दराने मग ज्याने त्याने आपला करार करायचा, नाही तर नमस्कार करून बाहेर पडायचं.

शेजाऱ्याची वीज तुमच्याकडे येत नाही आणि त्याचं कर्ज तुमच्या डोक्यावर बसत नाही. सुरुवातीलाच हे सगळ्यांना स्वच्छ सांगितलेलं बरं, कारण ‘मिळून घेऊ’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या मनात पहिला विचार ‘पुढे भांडणं होतील’ हाच येतो.

पॅनेल स्वस्त झालं, बाकीचं राहिलं

२०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनेलच्या किमती साधारण ९० टक्क्यांनी खाली आल्या. घरमालकाच्या बिलात मात्र तेवढी घसरण कुठेच दिसली नाही, कारण त्या बिलात पॅनेल हा एक तुकडा आहे. बाकी इन्व्हर्टर, पॅनेल ज्यावर बसतं ते स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग आणि मजुरी. शिवाय ज्या गोष्टी हातात धरता येत नाहीत त्या: गिऱ्हाईक शोधण्याचा खर्च, छताची पाहणी, आराखडा, परवानग्या, वीज कंपनीकडचे अर्ज, ऑफिसचं भाडं, नफा. या अदृश्य भागाला आपण ‘वरखर्च’ म्हणू.

हा वरखर्च किती मोठा असू शकतो? २०११ च्या सुमारास अमेरिकेत घरावर सोलर बसवायला जर्मनीच्या जवळपास दुप्पट खर्च येत होता. पॅनेल दोन्हीकडे साधारण एकाच भावाची. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी हा फरक उलगडून पाहिला, तेव्हा बराचसा फरक वरखर्चात आणि मजुरीत सापडला. जर्मनीत गिऱ्हाईक मिळवायला कमी खर्च येत होता, कागदपत्रं थोडक्यात आटपत होती आणि एका छतामागे माणसांचे तासही निम्म्याच्या आसपास लागत होते. सूर्य अमेरिकेतच जास्त, हा भाग वेगळा.

अमेरिकेत आजही घरगुती सोलरच्या एकूण खर्चात निम्म्याहून अधिक वाटा वरखर्चाचा धरला जातो. प्रत्येक देशात हे प्रमाण वेगळं असणार, पण तुकडे तेच. गटखरेदी बोट ठेवते ते नेमकं या तुकड्यांवर.

वाया गेलेल्या चकरांचे पैसे कोण भरतं?

उदाहरणापुरतं धरा, एक इन्स्टॉलर दहा घरी जातो. प्रत्येक ठिकाणी शिडी लावून छत मोजतो, सावली बघतो, तासभर प्रश्नांची उत्तरं देतो, परत येऊन आराखडा काढतो, आठवडाभर फोन करत राहतो. दहापैकी दोन घरं होकार देतात. उरलेल्या आठ घरांवर गेलेला वेळ, पेट्रोल आणि पगार तो कुठून काढणार? जी दोन घरं हो म्हणाली त्यांच्याच बिलातून. म्हणजे ‘नको’ म्हणणाऱ्यांचा खर्च ‘हो’ म्हणणाऱ्याच्या खिशातून जातो. जाहिरातींचंही तसंच.

गटात हे चित्र उलटतं. वीस घरं आधीच जमलेली असतात. प्राथमिक प्रश्नांची उत्तरं एका संध्याकाळच्या बैठकीत सगळ्यांना एकदमच मिळतात. ज्यांचं छत कामाचं नाही ते आधीच गळतात. इन्स्टॉलरची जाहिरात तुम्हीच फुकटात करून दिलेली असते.

मग कामाचा भाग. घरसामान हलवायला ट्रक लागतो, मग एक कपाट न्यायचं असो की पूर्ण घर. सोलरच्या कामालाही तेच लागू आहे. गाडी, शिडी, सुरक्षेचे पट्टे, चार-पाच माणसांची टोळी हे सगळं एका छतासाठी आणलं की त्याचा भार एकाच बिलावर पडतो. तीच टोळी एका रस्त्यावरची चार छतं एका आठवड्यात उरकत असेल, तर प्रवास कमी, रिकामा वेळ कमी, आणि एका घरी केबल दोन मीटर उरली तर ती शेजारी लागते. परवान्याचे अर्जही एकाच छापाचे. पहिल्या अर्जात अधिकाऱ्याने काढलेली चूक पुढच्या एकोणीस अर्जांत होत नाही.

म्हणजे गटाला मिळणारी सवलत ही सोलरवाल्याची मेहेरबानी नाही. तुम्ही त्याचा खर्च वाचवलात, त्यातला वाटा तुम्ही मागून घेताय. वाटाघाटीला बसताना हे डोक्यात असलं की भीड वाटत नाही, आणि अवास्तव हट्टही धरला जात नाही. जो खर्च वाचलाच नाही त्यात तो सूट कुठून देणार?

दोन शाळकरी मुलं आणि एक परिसर संघटना

ही कल्पना कुठल्या मोठ्या कंपनीच्या डोक्यातून निघालेली नाही. २००७ च्या सुमारास वॉशिंग्टन शहराच्या माउंट प्लेझंट भागात दोन शाळकरी मुलांनी आपल्या घरी सोलर हवं म्हणून हट्ट धरला. त्यातल्या एकाची आई, अन्या स्कूलमन, चौकशी करायला गेली तर एकट्या घरासाठी खर्च आणि कटकट दोन्ही आवाक्याबाहेर. मग मुलं घरोघर फिरली आणि दोन आठवड्यांत पन्नासच्या आसपास शेजाऱ्यांनी नावं दिली. त्यातून तिथली सोलर सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे ‘सोलर युनायटेड नेबर्स’ ही देशभर काम करणारी संघटना.

दुसरी गोष्ट २००९ ची, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराच्या आग्नेय भागातली. तिथल्या रहिवाशांनी परिसर संघटनेला हाताशी धरून ‘सोलराइझ’ नावाची मोहीम काढली. स्वयंसेवकांच्या समितीने स्पर्धात्मक प्रस्ताव मागवून आधी इन्स्टॉलर निवडला, मग नोंदणी उघडली. सहा महिन्यांत ३०० हून अधिक घरांनी नोंदणी केली आणि सुमारे १३० घरांवर पॅनेल बसली. हे दोन आकडे एकत्र वाचावेत. नाव देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मागे राहिले, कुणाचं छत योग्य नव्हतं, कुणाचं मन बदललं, आणि तरीही ही मोहीम इतकी यशस्वी मानली गेली की अमेरिकेतल्या अनेक शहरांनी तिचं नावच उचललं.

मॅसॅच्युसेट्स राज्याने २०११ मध्ये चार गावांत हाच प्रयोग केला आणि त्यात एक शक्कल जोडली: दरांच्या पायऱ्या. गावात एकूण जितके किलोवॅट जमतील तितका दर एकेक पायरी खाली येणार, आणि शेवटी जो दर लागेल तोच पहिल्या दिवशी सही करणाऱ्यालाही. याने दोन गोष्टी झाल्या. ‘आधी बाकीच्यांचं होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्याला थांबण्याचं कारण उरलं नाही, आणि ज्याने सही केली त्याला शेजाऱ्याला समजावण्यात स्वतःचा फायदा दिसू लागला. लोकांच्या स्वभावाचा इतका नेमका अंदाज सरकारी योजनेत क्वचित दिसतो.

ब्रिटनमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या ‘सोलर टुगेदर’ने वेगळा मार्ग घेतला, उलट्या लिलावाचा. आधी घरांची यादी जमवायची, मग पात्र इन्स्टॉलरनी कमीत कमी दर बोलायचा. पद्धत कुठलीही असो, दोन गोष्टी सगळीकडे आढळतात: निवड उघडपणे होते आणि नोंदणीला शेवटची तारीख असते. ती तारीख नसेल तर गट कायम ‘जमत’ राहतो.

सवलत बाजूला ठेवा, खरा फायदा हा

आता माझं मत. गटखरेदीत किमतीपेक्षा मोठी गोष्ट मिळते, ती म्हणजे शहाणपण. सोलर आपण आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो. समोरचा माणूस ते रोज विकतो. ही कुस्ती सुरुवातीपासूनच विजोड आहे.

वीस घरांत मात्र एखादी इलेक्ट्रिकल इंजिनिअर निघते, एक करार वाचणारा वकील निघतो, एखादे निवृत्त हिशेबनीस असतात ज्यांना कोटेशनमधली बेरीज तपासल्याशिवाय झोप येत नाही. आणि असा एक संशयी गृहस्थ प्रत्येक गटात असतोच, जो तोच प्रश्न चौथ्यांदा विचारतो. बाकीचे वैतागतात, पण सगळ्यांचे पैसे वाचवतो तो हाच.

एकट्याने घेणाऱ्याला सहसा उशिरा कळणाऱ्या गोष्टी गटात पहिल्या बैठकीतच बाहेर येतात. उदाहरणार्थ, बाहेरची वीज गेली की साधं सोलरही बंद पडतं. भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना. यात बिघाड काही नाही. तारांवर दुरुस्तीला चढलेल्या कामगाराला तुमच्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि तसा इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. हे आधी कळणं आणि अंधारात बसल्यावर कळणं यात बराच फरक आहे.

नेट मीटरिंगचंही तसंच. दिवसा जास्त झालेली वीज वीज कंपनीकडे जाते आणि तिची वजावट बिलात होते, या सोयीला नेट मीटरिंग म्हणतात. नियम जागोजाग वेगळे असतात: कुठे दिलेल्या आणि घेतलेल्या युनिटला सारखाच भाव, कुठे दिलेल्या युनिटला खूपच कमी. तुमच्याकडे दुसरा प्रकार असेल तर मोठी यंत्रणा बसवणं तोट्याचं. विक्रेत्याला मोठी यंत्रणा विकायची असते, म्हणून हा प्रश्न त्याने आपणहून काढण्याची वाट पाहू नका. गटातला एक जण जाऊन नियम वाचून आला की तो सगळ्यांना कळतो.

‘पण प्रत्येकाचं छत वेगळं’

बरोबर आहे, आणि म्हणूनच गटाने ‘प्रत्येकी पाच किलोवॅट’ असा सरसकट सौदा कधीच करू नये. ठरवायचा तो दर, आकार नाही. एका किलोवॅटचा मूळ दर काय, आणि त्यावर कशाकशाचे किती: उतरतं छत असेल तर किती, केबल ठरावीक लांबीच्या पुढे गेली तर मीटरमागे किती, जुना वीजफलक बदलावा लागला तर किती. या ‘वरच्या’ खर्चांची यादी आधी लिहून घेतली नाही, तर मूळ दरात दिलेली सूट तिथूनच वसूल होते.

सावलीचा मुद्दा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. पॅनेल एकामागोमाग एक साखळीत जोडलेली असतात. रांगेत उभं राहून बादल्या पुढे सरकवणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. एकाचा हात दुखायला लागला की सगळ्या रांगेचा वेग त्याच्यावर येतो. दुपारी तीन वाजता पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सरकली, तर नुकसान त्या कोपऱ्यापुरतं राहत नाही. पॅनेलच्या आत यावर थोडा उपाय केलेला असतो, आणि प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर लावायचाही मार्ग आहे, पण तो महाग. म्हणून छताची पाहणी प्रत्येकाची वेगळी, आणि शक्यतो सकाळ-दुपार-संध्याकाळच्या सावल्यांच्या हिशेबासकट. शेजाऱ्याचं छत मोकळं आहे म्हणून तुमचंही चालेल, हा तर्क इथे उपयोगाचा नाही.

छत जुनं असेल तर आधी त्याची डागडुजी. पॅनेल पंचवीस वर्षं टिकायचं आणि खालचं छत पाच वर्षांत गळायला लागायचं, मग सगळं उतरवून पुन्हा चढवायचा खर्च. अशा घराने या खेपेला थांबावं.

‘स्वस्तात दिलं म्हणजे हलका माल’

ही शंका रास्त आहे. फक्त कमीत कमी दर बघून निवड केली तर तसं होऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे दर विचारण्याआधीच मालाचं वर्णन गटाने लिहून द्यायचं: पॅनेलचा आणि इन्व्हर्टरचा दर्जा, स्ट्रक्चर कशाचं आणि किती जाडीचं, अर्थिंग आणि वीज पडण्यापासूनचं संरक्षण कसं, वॉरंटी किती. मग आलेले दर एकाच वस्तूचे असतात आणि तुलनेला अर्थ येतो. सुरुवातीच्या त्या तीन कोटेशनांचा गोंधळ इथेच संपतो.

वॉरंटीचे दोन-तीन प्रकार असतात आणि विक्रेते सगळ्यात मोठा आकडा ठळक छापतात. पंचवीस वर्षांची असते ती बहुधा वीजनिर्मितीची हमी: पॅनेलची ताकद दरवर्षी साधारण अर्ध्या टक्क्याने उतरते, त्याहून जास्त उतरली तर कंपनी भरपाई देते. इन्व्हर्टरची वॉरंटी बरीच कमी असते, आणि पॅनेलच्या आयुष्यात इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागेल असं धरूनच चालावं. तिसरी हमी बसवण्याच्या कामाची: छताला भोक पाडलं तिथून पाणी झिरपलं तर कोण बघणार? लोक विचारायला विसरतात ती हीच.

‘इन्स्टॉलरच गायब झाला तर?’

वीस घरांनी एकाच कंपनीला काम दिलं आणि ती बंद पडली, तर वीसही घरं अडकतात. हा धोका खरा आहे, त्यावर गोड बोलून पांघरूण घालण्यात अर्थ नाही. तो कमी मात्र करता येतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे: थोडे करारावर, काही माल छतावर पोचल्यावर, आणि एक चांगला हिस्सा मीटर लागून यंत्रणा सुरू झाल्यावरच. पॅनेल आणि इन्व्हर्टरची वॉरंटी कारखान्याकडून थेट तुमच्या नावावर आहे ना, हे बघायचं. कंपनीने चार-पाच वर्षांपूर्वी केलेली छतं जाऊन पाहायची. नवी छतं सगळ्यांचीच छान दिसतात.

आणि एकरकमी पैसे कुणा गटप्रमुखाच्या खात्यात जमा करायचे नाहीत. कधीच नाहीत. माणूस कितीही सज्जन असो. प्रत्येकाचा करार आणि प्रत्येकाचे पैसे थेट इन्स्टॉलरशी. गट जमवून देणाऱ्याला घरामागे काही मिळतंय का, हेही पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावं. मिळत असेल तर त्यात वाईट काही नाही, मेहनत असतेच. लपवलं तर मात्र वाईट.

दुसरा, जास्त वेळा येणारा अनुभव गायब होण्याचा नसून रांगेचा असतो. छोट्या कंपनीला एकदम मोठी ऑर्डर मिळते आणि विसावं घर महिनोन्महिने ताटकळतं. त्यासाठी करारात तारीख हवी, आणि कुणाचं घर कितवं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं तर कुरबूर कमी होते.

माघार घेणाऱ्यांचं काय?

ते होणारच, पोर्टलंडचे आकडे आपण पाहिलेच. म्हणून दर ठरवताना ‘वीस घरं असतील तरच’ अशी एकच अट मान्य करू नये. दहा घरांना हा दर, पंधराला हा, वीसला हा, अशा पायऱ्या हव्यात. म्हणजे दोघे सटकले तर सौदा मोडत नाही, फार तर दर एक पायरी वर जातो.

‘थांबलो तर आणखी स्वस्त मिळेल’

पॅनेलच्या बाबतीत हे बरीच वर्षं खरं ठरलं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला तेव्हा तो उन्हातली सहाच टक्के ऊर्जा विजेत बदलत होता. आज घरावरचं पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे आहे. पण आता एकूण बिलात पॅनेलचा वाटा इतका लहान झालाय की ते आणखी थोडं उतरलं तरी तुमच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. थांबलेल्या काळात वीजबिल मात्र भरावंच लागतं. दोन्ही आकडे कागदावर शेजारी मांडून बघा, बहुतेकांचं उत्तर लगेच निघेल.

ज्यांचं बिलच मुळात किरकोळ आहे, किंवा दोन-तीन वर्षांत घर विकायचं आहे, त्यांनी गटाच्या उत्साहात वाहून जाऊ नये. गटाचा हा एक तोटा आहेच: सगळे घेतायत म्हटल्यावर नको म्हणायला जीभ रेटत नाही.

ढवळ्याशेजारी पवळ्या

शेजाऱ्याचं पाहून सोलर घेण्याची लागण खरोखर होते, हे मोजून पाहिलं गेलंय. ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहम या अभ्यासकांनी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नोंदी तपासल्या. एका पिनकोडच्या भागात एक नवी यंत्रणा बसली की त्याच भागात आणखी एक बसण्याची शक्यता शंभरात ०.७८ ने वाढते, असं त्यांना आढळलं. आकडा लहान वाटतो, पण तो प्रत्येक नव्या छतागणिक लागू होत जातो. ‘वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. इथे ती सरळ अर्थाने खरी आहे. कारणही साधं आहे. माहितीपत्रकापेक्षा शेजारणीच्या बिलावर विश्वास जास्त बसतो.

बसवून झाल्यावर

काम संपलं की गट विसर्जित होतो, आणि तिथे लोक एक मोठा फायदा गमावतात. तुमची यंत्रणा नीट चालली आहे की नाही, हे एकट्याला कळणं अवघड असतं. मोबाइलवर आज बारा युनिटं दिसतात. ती चांगली की वाईट? ढग होते का? धूळ बसली का? की काही बिघडलंय? तुलनेला काहीच नसतं.

गटात ते असतं. आकाश सगळ्यांचं एकच, माल एकच, बसवणारे हात तेच. महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा, फक्त एका किलोवॅटमागे किती युनिटं निघाली तेवढाच, म्हणजे लहान-मोठ्या यंत्रणा एका पातळीवर येतात. समजा बहुतेक घरांत दिवसाला किलोवॅटमागे चारच्या आसपास युनिटं येतायत आणि एकाच घरात अडीच, तर तिथे कुणीतरी छतावर चढून बघायला हवं. कधी वाढलेली फांदी निघते, कधी पक्ष्यांनी पॅनेलखाली केलेलं घरटं, कधी नीट न दाबलेला एखादा केबलचा जोड, जो पहिल्या दिवसापासून सैलच होता आणि ज्यामुळे अर्धी साखळी नुसतीच उन्हात पडून होती. दुरुस्ती दहा मिनिटांची. शेजारचा आकडा समोर नसता तर त्या घराने पुढची किती वर्षं ‘सोलर म्हणजे एवढंच मिळतं’ असं समजून काढली असती.